जहाज ज्याचं, भाव त्याचा

लक्षद्वीपविषयी मराठीत जे काही लिहून येतं, त्यातलं बरंचसं पाण्याच्या रंगाविषयी असतं. पाणी खरोखरच देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या पाण्याकाठी माणसं राहतात आणि चांगली दाटीवाटीने राहतात, याचा पत्ता त्या लेखांतून लागत नाही. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 64,473 भरली आणि सगळ्या बेटांची मिळून जमीन आहे जेमतेम 32 चौरस किलोमीटर. चौरस किलोमीटरला दोन हजार माणसं! सरकारी मोजणीतल्या 36 बेटांपैकी वस्ती फक्त दहांवर आहे. त्यांतलं सर्वांत मोठं आन्द्रोत, तेही पाच चौरस किलोमीटर पुरतं भरत नाही. बित्रा तर एखाद्या जुन्या कॉलेजच्या आवारात मावेल एवढं. 2011 मध्ये तिथे 271 जण राहत होते. ‘निर्मनुष्य’, ‘अस्पर्श’ ही विशेषणं लिहिणाऱ्यांनी बहुधा कॅमेरा समुद्राकडे धरलेला असतो आणि पाठ गावाकडे असते.

हे पुस्तक त्या पाठीमागच्या गावांचं आहे. नारळ, मासे आणि होड्या एवढ्या भांडवलावर इथल्या लोकांनी शतकानुशतकं संसार केला. आणि त्यांच्या मालाचा भाव दर पिढीत किनाऱ्यावरच्या कुणीतरी ठरवला. बेटांचा इतिहास वाचताना राजे, नवाब, कंपनी, कलेक्टर, प्रशासक अशी नावं येत राहतात. ती पाठ करण्यात अर्थ नाही. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: मधला समुद्र कोणाच्या ताब्यात होता? ज्याच्याकडे जहाज, त्याने भाव ठरवला.

सुरुवात मात्र माणसांच्या आधीपासून करायला हवी, कारण तिथे आपलं एक नातं निघतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त स्रोतावरून सरकत होता. त्या वेळी उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. राजगडाचा, रायगडाचा काळा पाषाण तो हाच. भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला आणि त्याच स्रोताने मागे समुद्राच्या तळाशी ज्वालामुखींची एक लांबलचक रांग सोडली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस या तिन्ही द्वीपसमूहांचा पाया म्हणजे ही रांग. डोंगर हळूहळू खचत गेले, त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत गेलं आणि शेवटी वर उरली ती प्रवाळाची कंकणं आणि त्यांच्या कडेला साठलेली पांढरी वाळू. सह्याद्री आणि लक्षद्वीप एकाच चुलीवरचे आहेत. मराठी वाचकाला हे शाळेत कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगितलं.

या जन्मकथेचे परिणाम रोजच्या जगण्यात दिसतात. बेटावर डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. समुद्रसपाटीपासून काही मीटर उंचीची सपाट जमीन, आणि तिच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असलेलं. विहीर चार हात खणली की पाणी लागतं, पण उपसा वाढला की खालचं खारं वर येतं. त्यामुळे भातशेती नाही. तांदूळ बाहेरून आणायचा, त्यासाठी काहीतरी बाहेर पाठवायचं, आणि दोन्हीसाठी दोनशे ते चारशे किलोमीटर समुद्र ओलांडायचा. पाण्याची तहान अलीकडे थोडी भागली आहे. 2005 मध्ये कवरत्ती बेटावर समुद्राच्या वरच्या थरातलं कोमट पाणी आणि खोलातलं थंड पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर चालणारा, दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प सुरू झाला. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही तसे झाले. तांदळाचं गणित मात्र होतं तिथेच आहे.

तांदळाच्या बदल्यात जायचा तो काथ्या. तो कसा होतो हे नीट पाहिल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. नारळाची सोडणं लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या कंकणाआतल्या उथळ पाण्याच्या काठी, भरतीच्या रेषेखाली, वाळूत खड्डे करून पुरतात आणि वर प्रवाळाचे दगड रचतात. वर्षभर, कधी थोडं कमी, ती तिथे कुजतात. दिवसातून दोनदा भरतीचं स्वच्छ खारं पाणी त्यांच्यातून फिरून जातं. केरळच्या खाडीतल्या काळ्या पाण्यात कुजलेल्या काथ्यापेक्षा हा उजळ निघतो तो यामुळे. मग सोडणं उकरून काढायची, लाकडी बडवण्याने झोडपायची, तंतू धुऊन वाळवायचे आणि मांडीवर किंवा तळहातांत वळून दोरी करायची. खड्डा खणण्यापासून दोरीची गुंडी बांधण्यापर्यंतची बहुतेक मेहनत बायकांची. त्या दोरीने किनाऱ्यावरची जहाजं बांधली जात. बेटांवरचं ओडम, म्हणजे तिथलं गलबत, तेसुद्धा खिळे न मारता फळ्या काथ्याने शिवून तयार होई. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथे आले ते काही निळ्या पाण्यासाठी नाही, गलबतांना लागणाऱ्या याच दोरखंडासाठी. त्यांनी अमिनी बेटावर गढी बांधली आणि लोकांनी त्यांना विष घालून संपवलं, अशी तिथली परंपरा सांगते.

पुढे कन्नूरजवळच्या चिरक्कलच्या राजाकडून बेटं अरक्कल घराण्याकडे आली. केरळातलं हे एकमेव मुस्लिम राजघराणं. तिथे वारसा आईकडून चाले आणि घरातली सर्वांत वडील व्यक्ती गादीवर येई. पुरुष असेल तर अली राजा, स्त्री असेल तर अरक्कल बीवी. मोगलाईत बेगमा पडद्याआडून राज्य चालवत, असं आपण वाचतो. इथे बीवी उघड राज्य करत आणि ईस्ट इंडिया कंपनीशी तह करत. कौतुक इथपर्यंत. बेटकऱ्यांच्या दृष्टीने अरक्कल म्हणजे काथ्याचा मक्ता. बेटाचा सगळा काथ्या राजघराण्यालाच विकायचा, त्यांनी ठरवलेल्या भावाने, आणि मोबदल्यात तांदूळ घ्यायचा, तोही त्यांनीच ठरवलेल्या मापाने. बाजारात काथ्याचा भाव चढला तर नफा कन्नूरला. तांदूळ महागला तर तोटा बेटाला. अमिनी, कडमत, किल्तान, चेतलत आणि बित्रा ही उत्तरेची बेटं याला कंटाळली आणि 1787 मध्ये अरक्कलची सत्ता झुगारून टिपू सुलतानाच्या आश्रयाला गेली. कारण मक्ता होतं. धर्म दोन्हीकडे एकच होता, हे लक्षात घ्यावं.

1799 मध्ये टिपू पडला आणि ही पाच बेटं कंपनीकडे गेली. त्यांचा कारभार मंगळूरहून होऊ लागला. बाकीची, कंपनीला खंडणी देण्याच्या अटीवर, अरक्कलकडे राहिली. गंमत अशी की कंपनीने काथ्याचा मक्ता मोडला नाही, स्वतःकडे घेतला. मंगळूरच्या सरकारी वखारीत काथ्या द्यायचा आणि तांदूळ घ्यायचा, हा व्यवहार इंग्रजी अमदानीत पिढ्यान्‌पिढ्या चालला. मालक बदलला, माप तेच.

दक्षिणेकडच्या बेटांचं काय झालं, ते एका वादळाने ठरवलं. 1847 मध्ये आन्द्रोत आणि कल्पेनी यांना चक्रीवादळाने झोडपलं. माणसं गेली, माड गेले. कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर लाटांनी प्रवाळाच्या दगडांचा लांबच लांब बांध फेकला, तो आजही तिथे आहे. माड गेले म्हणजे काथ्या गेला, काथ्या गेला म्हणजे अरक्कलचं उत्पन्न गेलं. कंपनीची खंडणी थकली. थकबाकी दाखवून इंग्रजांनी 1854 ते 1861 बेटं जप्तीत ठेवली, परत दिली, आणि 1875 मध्ये पुन्हा घेतली ती कायमची. 1908 मध्ये बेटांवरचा हक्क रीतसर सोडण्याच्या करारावर सही झाली तेव्हा अरक्कलकडे सोडण्यासारखं नावापुरतंच काही उरलं होतं. एवढ्या मोठ्या सागरी टापूवरचं इंग्रजी राज्य लढाईने आलं नाही, थकबाकीच्या वहीतून आलं. सावकारी ज्यांनी कोकणात किंवा मराठवाड्यात पाहिली आहे, त्यांना हा मार्ग ओळखीचा वाटेल.

आता घराच्या आत जाऊ, कारण या पुस्तकाचा मला सर्वांत प्रिय भाग तिथे आहे.

मिनिकॉय वगळता बाकी बेटांवरचे लोक मलयाळमच्या जवळची जेसरी बोलतात. सगळे सुन्नी मुसलमान. हजरत उबैदुल्ला नावाच्या अरब संताचं जहाज फुटलं, ते अमिनीला लागले आणि त्यांनी बेटांवर इस्लाम आणला, अशी श्रद्धा आहे; त्यांची कबर आन्द्रोतच्या जुम्मा मशिदीत आहे. परंपरा ही घटना सातव्या शतकातली मानते, इतिहासकार धर्मांतर बरंच नंतरचं धरतात. पण मुद्दा तारखेचा नाही. धर्म बदलला आणि घर बदललं नाही, ही इथली खरी नवलाई. मलबारहून आलेल्या लोकांनी मातृवंशाची रीत आणली होती, ती नमाजाच्या शेजारी तशीच राहिली. घर म्हणजे तरवाड, आईच्या बाजूचं. बहिणी, त्यांची मुलं, मुलींची मुलं एका छपराखाली, आणि कारभार पाहणारा कारणवर म्हणजे थोरला मामा. नवरा? तो रात्री बायकोच्या घरी येणार आणि सकाळी उठून आपल्या आईच्या घरी जाणार. त्याची कमाई, त्याचं ओझं, त्याचा मान बहिणीच्या घरात.

शरियत सांगते की वारसा मुलाबाळांना जावा. तरवाड सांगतं की भाचरांना. या पेचातून बेटांनी वाट काढली ती मोठी हुशारीची. मालमत्तेचे दोन वार केले. ‘शुक्रवारची’ मालमत्ता तरवाडाची: माड, जमीन, घर. ती वाटायची नाही, आईच्या वंशात राहायची. ‘सोमवारची’ मालमत्ता ज्याने त्याने कमावलेली; ती शरियतप्रमाणे वाटायची. दोन कायदे एका घरात नांदवण्याचा हा तोडगा एखाद्या विधिमंडळाला सुचला असता तर त्यावर ग्रंथ निघाले असते.

ग्रंथ निघालाच, आणि तो आपल्यातल्या एका विदुषीने लिहिला. लीला दुबे, माहेरच्या आंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकरांच्या भगिनी. कल्पेनी बेटावरच्या मातृवंश आणि इस्लाम यांच्या सहवासावर त्यांचं इंग्रजी पुस्तक 1969 मध्ये आलं आणि भारतातल्या नातेव्यवस्थेच्या अभ्यासात ते आजही पायाभूत मानतात. इरावती कर्व्यांचं नाव घराघरांत आहे आणि लीलाबाईंचं फारसं कुणाला माहीत नाही, हे बरं नाही. त्यांचं काम मराठीत यायला हवं होतं. ते आलं असतं तर या प्रस्तावनेची निम्मी पानं वाचली असती.

ही रीत टिकली कशामुळे? एक कारण पुन्हा समुद्राकडे जातं. पावसाळा सरला की पुरुष ओडम घेऊन मंगळूर, कन्नूर, कोळिकोडला जात. काथ्या, खोबरं, गूळ विकून तांदूळ, कापड घेऊन परतत. नाखव्याकडे ‘रहमानी’ असे, म्हणजे ताऱ्यांची स्थानं, दिशा, अंतरं टिपलेली हस्तलिखित वही. काही परत येत, काही येत नसत. घर चालू ठेवायचं तर ते जमिनीवर राहणाऱ्यांच्या नावावर असणंच शहाणपणाचं.

मात्र या समाजाला आदर्श म्हणून मिरवू नये. माणसं कोया, मालुमी आणि मेलाचेरी अशा प्रतवारीत बांधलेली होती. कोया जमिनीचे आणि ओडमांचे मालक, मालुमी खलाशी, आणि मेलाचेरी माडावर चढणारे, कोयांचं ओझं वाहणारे. मेलाचेरीने स्वतःचं ओडम बाळगायचं नाही, हा दंडक होता. या एका दंडकात सगळी व्यवस्था आली. ज्याला होडी नाही त्याला बाजार नाही. त्याचा नारळ मालकाच्या होडीतून, मालकाच्या भावाने जाणार. अरक्कलने बेटाशी जे केलं तेच बेटाने आपल्यातल्या खालच्यांशी केलं. बेटकऱ्यांचा कैवार घेऊन लिहिणारे हे पान उलटून पुढे जातात, मला तसं करवलं नाही.

मिनिकॉय हे सगळ्यांपासून वेगळं, आणि त्याला दोन प्रकरणं दिली आहेत. नकाशातही ते बाकीच्या बेटांपासून नऊ अंशाच्या खाडीने तुटलेलं आहे आणि आठ अंशाच्या खाडीपलीकडे लगेच मालदीव. भाषा महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीचीच बहीण, आणि लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी थाना. बेटाचं स्वतःचं नाव मलिकू. वस्ती गावांत विभागलेली, प्रत्येक गावाचा पुरुष मुखिया वेगळा आणि बायकांची मुखिया वेगळी. सार्वजनिक कामाची हाक त्यांनी द्यायची. इथले पुरुष फार पूर्वीपासून मालवाहू जहाजांवर खलाशी. मुंबईच्या गोदीभागात, जहाज कंपन्यांच्या कचेऱ्यांत मलिकूचा माणूस कागदपत्रं हातात घेऊन बसलेला दिसणं ही नवी गोष्ट नाही. 1885 चं दीपगृह अजून उभं आहे. मालदीवशी असलेली सोयरीक आणि व्यापार मात्र स्वातंत्र्यानंतर तुटला. नव्या राष्ट्रांच्या सीमा सोयरीक बघत नाहीत.

मासेमारीची मिनिकॉयची पद्धत पाहण्यासारखी आहे. पहाटे लगूनमध्ये बारीक चारामासळी धरायची आणि होडीच्या पोटात, खेळत्या पाण्यात जिवंत ठेवायची. बाहेर खोल समुद्रात कुप्याचा, म्हणजे टुनाचा, थवा दिसला की ती मूठमूठ फेकायची आणि पाण्यावर सपसप पाणी मारायचं. थव्याला वाटतं, वर अन्नाची झुंबड उडाली आहे. मग कडेला रांगेने उभे असलेले गडी बांबूच्या काठ्यांनी एकेक मासा उचलून मागे फेकतात. गळाला काटा उलटा नसतो, त्यामुळे झटक्यासरशी मासा सुटून फळीवर पडतो आणि गळ परत पाण्यात. जाळं नाही, त्यामुळे नको ते जीव फुकट मरत नाहीत. मासा उकडून, धुरावून, उन्हात लाकडासारखा कडक वाळवला की त्याचं ‘मास’ होतं आणि ते महिनोन्‌महिने टिकतं. साठच्या दशकात सरकारने ही पद्धत यांत्रिक होड्यांसह उत्तरेच्या बेटांवर नेली. माझ्या मते लक्षद्वीपच्या अर्थव्यवस्थेत सरकारने केलेलं सर्वांत चांगलं काम हे. काथ्याला उतरती कळा लागली असताना बेटांना दुसरा पाय मिळाला, आणि तोही त्यांच्याच शेजारघरातला.

1 नोव्हेंबर 1956 ला बेटं केंद्रशासित झाली, 1964 मध्ये मुख्यालय कोळिकोडहून कवरत्तीला आलं आणि 1973 मध्ये लक्षद्वीप हे नाव मिळालं. पी. एम. सईद 1967 ते 2004 सलग इथले खासदार होते. शाळा आल्या, दवाखाने आले. 2011 मध्ये साक्षरता 92 टक्क्यांच्या जवळ पोचली होती. पगारी नोकरी हा बेटावरचा मोठा उद्योग झाला, आणि जहाजं सरकारची झाली. इथे जुना प्रश्न नव्या कपड्यांत परत येतो. प्रवासी जहाजाची जागा, तिकीट, रुग्णाला कोचीला न्यायची सोय ही बेटकऱ्यांची कायमची तक्रार आहे. 2021 मध्ये जमीन, पंचायत आणि गुरांच्या कत्तलीविषयीच्या नव्या नियमांचे मसुदे आले तेव्हा बेटांवर मोठा असंतोष उसळला, लोकांनी घरोघरी उपोषण केलं. मालवाहतूक केरळातल्या बेपूर बंदराऐवजी मंगळूरकडे वळवण्याच्या हालचालीही त्याच वेळच्या. दिल्ली-मुंबईच्या वाहिन्यांनी गोमांसाची आणि दारूची चर्चा केली. बंदराचा मुद्दा कुणाला महत्त्वाचा वाटला नाही. बेटावर तो सगळ्यांना कळला होता.

जानेवारी 2024 नंतर पर्यटनाची जी लाट आली, तिच्याबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, पण तिथे उत्साह सापडणार नाही. 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं. बंगाराम कंकणातलं परळी नावाचं एक निर्जन बेट झिजत जाऊन पाण्याखाली गेलं. प्रवाळ मेलं की लाट अडवणारी भिंत मेली, चारामासळी गेली आणि तिच्यामागे कुपाही. ज्या जमिनीवर दर चौरस किलोमीटरला दोन हजार माणसं विहिरीतल्या तरंगत्या पाण्यावर जगतात, तिथे आणखी किती अंघोळी मावतील याचा हिशेब आधी व्हायला हवा. पर्यटन नको असं मी म्हणत नाही; बेटकऱ्यांनाही ते हवं आहे. पण हॉटेलचा मालक कोण आणि बोटीचा मालक कोण, हे विचारल्याशिवाय त्याला विकास म्हणायची मला घाई नाही.

वाचकांना एक विनंती. प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचली तरी चालतील, पण काथ्याचं प्रकरण वगळू नका. ते रुक्ष आहे, आकड्यांचं आहे आणि बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. आणि प्रत्यक्ष जाणार असाल, तर परवाना काढून, शक्य असेल तेव्हा जहाजाने जा. जागा मर्यादित असतात. पावसाळ्याच्या तोंडाला आणि सणाच्या दिवसांत बेटकरी घरी परतत असतात, तेव्हा त्यांच्या जागा अडवू नका.